दात खरा, नाव कुणाचं?

शंकेखोर: सेराटोडस नावाचा मासा कधी होता, हेच मला मान्य नाही. फुप्फुसाने श्वास घेणारे प्राचीन मासे होते, त्यांच्या तोंडात दात होते, ते दात आज खडकांत सापडतात, यातलं काहीच मी नाकारत नाही. माझं भांडण नावाशी आहे. लुई आगासीझ या स्विस शास्त्रज्ञाने १८३०च्या दशकात काही दातांना हे नाव दिलं. ते दात इंग्लंडात ब्रिस्टलजवळ, सेव्हर्नच्या काठावरच्या ऑस्ट नावाच्या कड्यातून आले होते. नंतर जर्मनी, भारत, मादागास्कर, उत्तर आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जिथून म्हणून तसले दात आले ते याच नावाखाली जमा झाले. आणि काळ केवढा? ट्रायासिकच्या सुरुवातीपासून क्रेटेशसच्या उत्तरार्धापर्यंत, म्हणजे १७-१८ कोटी वर्षं. सगळ्या खंडांवर पसरलेला आणि एवढा काळ टिकलेला एकच वंश! मला यात प्राणी दिसत नाही. संग्रहालयातला एक खण दिसतो. त्यावर आगासीझनी चिठ्ठी लावली आणि पुढच्या प्रत्येकाने जवळपास तसं काही मिळालं की ते त्याच खणात टाकलं.

जीवाश्मवेडा: खणात काय आहे ते तर आधी पाहू. ‘नुसते दात’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आपले दात येतात आणि तिथेच गल्लत होते. या माशांच्या तोंडात दातांची ओळ नसते. टाळूला दोन आणि खालच्या जबड्याला दोन अशा चार जाड पट्टिका असतात, आणि वर पुढच्या बाजूला दोन छोटे दात. एक पट्टिका तळहातावर घेऊन बघा. आतल्या कोपऱ्यातून निघालेले पाच-सहा कंगोरे बाहेरच्या काठाकडे फाकत जातात. काठाशी कंगोऱ्यांची टोकं उंच, बोटाला टोचणारी. कोपऱ्याशी सगळं झिजून सपाट झालेलं. उलटी केली तर खालची बाजू खडबडीत, कारण तिथे ती हाडाला धरून होती. दळता दळता जातं गुळगुळीत होतं, मग टाकी लावणाऱ्याला बोलवावं लागतं. या माशाने टाकीची सोय काठावरच करून ठेवली आहे. पट्टिका पडत नाही, तिच्या जागी दुसरी येत नाही. ती आतून झिजते आणि बाहेरच्या काठाला वाढत राहते, जन्मभर. त्या एका तुकड्यात माशाचं सबंध आयुष्य रचलेलं असतं: कोपऱ्यात बालपण, काठाला शेवटचं वर्ष. शिंपल्या, गोगलगायी, कवचाचे किडे चुरडून खाणाऱ्याचं हे तोंड आहे, एवढं तरी कुणीही सांगेल.

आणि दातच का उरतात, तर त्यालाही कारण आहे. डेव्होनियन काळातल्या पहिल्यावहिल्या फुप्फुसमाशांची हाडं भक्कम होती. पुढे या कुळात हाड कमी होत गेलं आणि कूर्चा वाढत गेली. मासा मेला की कूर्चा कुजते, कवटीचे तुकडे सुटतात, पाणी ते वाहून नेतं. पट्टिकेत मात्र अत्यंत कठीण असं दंतद्रव्य असतं, ते राहतं. दातांवर समाधान मानणं हा अभ्यासकांचा आळस म्हणता येणार नाही. निसर्गाने मागे ठेवलं तेवढंच आपल्याला वाचायला मिळतं.

शंकेखोर: तुम्ही आत्ता जे सांगितलंत त्यानेच माझी शंका पक्की होते. पट्टिका जन्मभर वाढते आणि जन्मभर झिजते, म्हणजे एकाच माशाची पट्टिका वेगवेगळ्या वयांत वेगळी दिसणार. पिल्लाच्या पट्टिकेवर सुट्या टोकांच्या रांगा असतात. त्या झिजून, जुळून मोठ्या माशाचे कंगोरे होतात. वरची पट्टिका आणि खालची पट्टिका सारखी नसते. शिकागोच्या शेड मत्स्यालयात १९३३ साली आणलेला ऑस्ट्रेलियन फुप्फुसमासा २०१७पर्यंत जगला. ऐंशीहून जास्त वर्षं वाढत आणि झिजत राहिलेल्या दाताचा कुठला क्षण तुम्ही त्याचा ‘आकार’ म्हणणार? ॲन केम्प यांनी या जिवंत माशाच्या दातांवर कित्येक दशकं काम केलं आहे. पट्टिकांना रोग होतात, खड्डे पडतात, झीज वेडीवाकडी होते, हे त्यातून दिसलं. आता खडकात सुटी पडलेली एक पट्टिका घ्या. ती तरुण माशाची की म्हाताऱ्याची, निरोगी की रोगट, कशावरून ठरवायचं? आगासीझना ते ठरवता आलं नाही. ऑस्टच्या एकाच थरातल्या दातांना त्यांनी अनेक जातींची नावं दिली आणि नंतरच्यांना त्यातल्या बहुतेक एकाच जातीत परत आणाव्या लागल्या. शिवाय हे दात कुणाचे, याचं त्यांचं उत्तर काय होतं? शार्कच्या गोतातल्या माशाचे! जो प्राणी कुठल्या कुळातला हेच कळलं नव्हतं, त्याचा वंश ठरून गेला होता.

जीवाश्मवेडा: आगासीझ चुकले. पण ती चूक कशामुळे उघडी पडली ते सांगू द्या, कारण शास्त्राच्या इतिहासातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट ती आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या बर्नेट नदीच्या भागात विल्यम फॉर्स्टर यांची जमीन होती. न्यू साउथ वेल्सचे ते एके काळचे पंतप्रधान. तिथल्या नदीत एक मोठ्या खवल्यांचा, गुलाबी मांसाचा मासा असतो, वसाहतीतले लोक त्याला ‘बर्नेट सामन’ म्हणून खातात, असं ते सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमचे प्रमुख गेरार्ड क्रेफ्ट यांना सांगत असत. क्रेफ्टना ते पटत नसे. शेवटी १८७०च्या आरंभी फॉर्स्टर यांच्या नातलगाने मीठ लावलेला मासा म्युझियमला पाठवला. आतडी काढलेली, मांस खारवलेलं. क्रेफ्टनी तोंड उघडून पाहिलं आणि समोर आगासीझच्या पुस्तकातल्या पट्टिका! १८ जानेवारी १८७० रोजी सिडनीच्या वर्तमानपत्रात त्यांचं पत्र छापून आलं आणि माशाला नाव मिळालं सेराटोडस फॉर्स्टराय. हजारो मैलांवरच्या, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दगडातल्या दाताने एका जिवंत प्राण्याची ओळख पटवली. ती पटताच शार्कची कल्पना कायमची गेली. नंतर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आल्बर्ट गुंथर यांनी या माशाची सविस्तर शरीररचना लिहिली. जर्मनीतून रिचर्ड झेमन १८९१मध्ये त्याची अंडी आणि पिल्लं मिळवायला बर्नेटवर आले. आजही त्या भागात ईड्सव्होल्डजवळ सेराटोडस नावाचं ठिकाण आहे. तुमच्या भाषेत रिकाम्या चिठ्ठीने हे सारं घडवून आणलं, असं म्हणावं लागेल.

शंकेखोर: रिकामी नाही म्हणणार मी तिला. उपयोगी म्हणेन. पण उपयोगी असणं आणि खरं असणं या दोन गोष्टी आहेत. क्रेफ्टनी दात ओळखले, प्राणी ओळखला नाही. लंडनला पाठवलेल्या वर्णनात त्यांनी त्याला महाकाय उभयचर म्हटलं. आणि ते नावही टिकलं नाही. कास्टेलनौ यांनी १८७६मध्ये निओसेराटोडस हे नाव वापरलं, टेलर यांनी १८९१मध्ये आणखी एक सुचवलं. शेवटी निओसेराटोडस रूढ झालं, कारण आजचा मासा आणि ऑस्टचा मासा एका वंशात बसत नाहीत हे सगळ्यांना पटलं. म्हणजे क्रेफ्टना जे सापडलं ते सेराटोडस नव्हतं. तो त्याचा दूरचा भावबंद होता. नावावर विश्वास टाकण्यात किती धोका असतो ते याच कास्टेलनौंच्या बाबतीत दिसतं. बर्नेटकाठच्या गेंडाहमध्ये ब्रिस्बेनच्या संग्रहालयाच्या प्रमुखांना जेवणात एक विचित्र चोचीचा मासा वाढला गेला. त्यांनी त्याचं चित्र काढून पाठवलं आणि कास्टेलनौंनी नुसत्या चित्रावरून १८७९मध्ये नवा वंश जाहीर केला, ऑम्पॅक्स. वेगवेगळ्या प्राण्यांचे तुकडे जोडून केलेली ती थट्टा होती. कास्टेलनौ मोठे निसर्गशास्त्रज्ञ होते, फसवणारे ते नव्हते. पण अपुऱ्या पुराव्याला पूर्ण नाव देण्याची सवय त्या काळच्या शास्त्राला जडली होती.

आणि क्रेफ्टच्या शोधाने एक नवाच घोळ झाला. जिवंत मासा हाताशी आला, तेव्हा लोक तो मागे नेऊन सेराटोडसवर चढवू लागले. ‘जिवंत जीवाश्म’ म्हटलं की वाटतं, तोच मासा जसाच्या तसा चालत आला. आज फुप्फुसमाशांचे तीन वंश आहेत. आफ्रिकेतला आणि दक्षिण अमेरिकेतला, दोघांना जोडीची फुप्फुसं. पाणी आटलं की ते चिखलात जाऊन पडून राहतात. आफ्रिकेतला तर अंगाभोवती कोष करून महिनोन्‌महिने काढतो. ऑस्ट्रेलियातल्याला एकच फुप्फुस, तो कल्ल्यांवरच बहुतेक भागवतो आणि चिखलात झोपणं त्याला जमत नाही. सेराटोडस यांपैकी कुणासारखा जगत होता? पट्टिका याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

जीवाश्मवेडा: पट्टिका एकटी नाही बोलत, ती जिथे सापडते ती जागा बोलते. त्यासाठी मी तुम्हाला आपल्याकडे घेऊन येतो. स्टीफन हिस्लॉप १८४५मध्ये स्कॉटलंडहून नागपूरला आले. आज त्यांचं नाव नागपुरात महाविद्यालयामुळे घेतलं जातं. मध्य भारताच्या भूशास्त्राची सुरुवात करणाऱ्यांपैकी ते एक होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी नागपूर परिसराच्या खडकांवर लिहिलं. चंद्रपूरकडच्या मांगलीतून त्यांनी मिळवलेल्या उभयचराच्या कवटीचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केलं. आणि सिरोंच्याकडून पुढे, प्राणहितेच्या पलीकडे, आजच्या तेलंगणातल्या मलेरी गावाजवळच्या लाल मातीच्या थरांतून हेच दात निघाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख टॉमस ओल्डम यांनी १८५९मध्ये त्यांवर लेख लिहिला, सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात. त्यातल्या एका जातीला नाव दिलं हिस्लॉपियानस, दुसरीला हंटेरियानस. क्रेफ्टच्या माशाच्या अकरा वर्षं आधी!

आता त्या लाल मातीत आणखी काय आहे पाहा. हायपरोडॅपेडॉन नावाचा चोचीच्या तोंडाचा सरपटणारा प्राणी. मगरीच्या बांध्याचा पॅरासुकस, त्याच्याही जातीच्या नावात हिस्लॉप आहेत. मोठाले उभयचर. गोड्या पाण्यातले शिंपले. ही सगळी मंडळी सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वी नद्या-तळ्यांच्या सपाट प्रदेशात, ओल्या आणि कोरड्या ऋतूंच्या हवेत राहत होती. सेराटोडस तिथला रहिवासी आहे. असाच दात युरोपात, असाच मादागास्करमध्ये. गोड्या पाण्यातला मासा समुद्र पोहून जात नाही. सगळे खंड तेव्हा एकमेकांना लागून होते, हे त्याने आपल्या वाट्याचं सांगितलंच ना? एका दाताने याहून जास्त काय द्यायला हवं?

शंकेखोर: इथेच मला सगळ्यात जास्त अडखळायला होतं. तुम्ही म्हणता, एकच वंश युरोपात आणि भारतात होता, तेव्हा खंड जोडलेले असले पाहिजेत. पण तो एकच वंश आहे हे कशावरून ठरलं? दोन्हीकडचे दात एकाच खणात टाकले म्हणून. मग पसारा कुणाचा झाला, माशाचा की खणाचा? खण जितका मोठा कराल तितका त्याचा मुलूख मोठा दिसणार. गोलाकार युक्तिवाद आहे हा आणि तो दिसायला इतका सुंदर आहे की कुणी त्याला हात लावत नाही.

गोड्या पाण्याचंही तसंच. मलेरीपुरतं ठीक आहे. पण ज्या ऑस्टच्या दातांवरून नाव पडलं तो थर कसला आहे? त्यात समुद्री सरपटणाऱ्यांची, इक्थियोसॉर-प्लेसिओसॉरची हाडं आहेत, शार्कचे दात आहेत. समुद्राने घुसळून, गोळा करून ठेवलेला तो थर आहे. दात नदीने वाहून आणले असतील, अगदी शक्य आहे. पण मग ‘शक्य आहे’ म्हणा. आणि पहिले फुप्फुसमासे डेव्होनियनमध्ये समुद्रातच राहत होते. समुद्र या कुळाला परका नव्हता.

जीवाश्मवेडा: गोलाकार युक्तिवादाचा आक्षेप मी मान्य करतो. खंड जुळलेले होते हे दाखवायला एकटा सेराटोडस पुरणार नाही. तसा तो एकटा नाहीही. हायपरोडॅपेडॉन स्कॉटलंडच्या एल्गिनमध्ये आणि मलेरीत, दोन्हीकडे आहे, आणि त्याच्या कवट्या, सांगाडे आहेत. टॉमस हक्सली यांनी दोन्हीकडचं हे नातं १८६९मध्येच मांडलं होतं. तेव्हा सेराटोडसला मी मुख्य साक्षीदाराच्या जागेवरून उठवतो आणि मागे बसवतो. तो काही खोटं बोलत नाही, त्याची साक्ष अर्धी आहे, इतकंच.

पण तुम्हीही एक मान्य करा. ज्या दिवशी जास्त पुरावा आला, त्या दिवशी अभ्यासक दाताला चिकटून बसले नाहीत. ऑस्ट्रियात लुन्झजवळ सेराटोडस स्टुराय म्हणवल्या जाणाऱ्या माशाची कवटी मिळाली. टेलरनी १८९१मध्ये तिचं वर्णन केलं. पुढे ती जात टेलरोडस या निराळ्या वंशात गेली. ऑथनिएल मार्श यांनी १८७८मध्ये अमेरिकेच्या मॉरिसन खडकांतल्या दातांना सेराटोडस गुंथराय म्हटलं. गुंथरचं नाव दिलं ते जिवंत माशावरच्या कामाबद्दल, हे उघडच आहे. त्या माशाच्या कवटीची हाडं मिळाली तेव्हा २०१०मध्ये तोही पोटॅमोसेराटोडस झाला. भारतातले बरेचसे दात आता प्टायकोसेराटोडस या वंशात धरले जातात. चुकलेलं दुरुस्त होत आलं आहे. याला खण म्हणत असाल तर तो उघडा खण आहे. त्यातून बाहेर काढता येतं.

शंकेखोर: तुम्ही दिलेली यादी पुन्हा ऐका. ज्याला ज्याला डोकं मिळालं, तो तो सेराटोडस राहिला नाही! राहिले ते बिनडोक्याचे, म्हणजे ज्यांच्याबद्दल आपल्याला कमी माहिती आहे ते. मग हा वंश कुठल्या गुणाने एकत्र बांधलेला आहे? आपल्या माहितीच्या तुटपुंजेपणाने. माशांमध्ये समान असलेल्या कुठल्या गोष्टीने तो बांधलेला नाही.

आणि हे निरुपद्रवी असतं तर मी इतका वेळ बोललो नसतो. पुराजीवशास्त्रात वंश मोजले जातात. कुठल्या युगात किती वंश होते, महाविनाशात किती बुडाले, किती तरले. ट्रायासिकच्या शेवटी, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी, फार मोठा विनाश झाला. त्या तक्त्यात सेराटोडस ‘तरलेला’ म्हणून येतो, दोन्ही बाजूंना त्याचं नाव आहे म्हणून. पण सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा मासा एकच, हे दाखवलंय कुणी? चार वंश बुडाले आणि पाचवा उगवला असेल, आणि पाचांचे दात सारखे असतील. शिंपली चुरडायची तर कंगोऱ्यांची जाड पट्टिकाच लागते. ती वेगवेगळ्या कुळांतून पुन्हा पुन्हा तशीच घडू शकते. आपण त्याला टिकाव म्हणतो, आणि तो कदाचित विनाशाचा आकडा असतो. एका चिठ्ठीने इतिहासातली मरणं झाकली जातात, हे मला खरोखर भयंकर वाटतं.

जीवाश्मवेडा: हे मला लागलं. तक्त्यांबद्दल मी इतका विचार केला नव्हता.

तरी एक विचारतो. तुमचा मार्ग कोणता? आगासीझनी काय करायला हवं होतं? ‘अनिश्चित माशाचे दात’ एवढं लिहून थांबायला हवं होतं? तसं केलं असतं तर १८७०मध्ये क्रेफ्टच्या हाती काय होतं? सिडनीत, युरोपातल्या संग्रहांपासून इतक्या दूर बसलेल्या माणसाला खारवलेल्या माशाचं तोंड उघडताच आठवायला एक नाव हवं, एक चित्र हवं. ‘अनिश्चित’ कुणाला आठवत नाही. ओल्डमना मलेरीचे दात इंग्लंडातल्या दातांशेजारी ठेवून पाहावेसे वाटले ते नावामुळेच. नाव चुकीचं ठरलं तरी ते एकमेकांपासून हजारो मैलांवरचे तुकडे एका टेबलावर आणतं. आणि एकत्र आल्यावरच त्यांच्यातला फरक दिसतो! प्टायकोसेराटोडस वेगळा आहे हे कळायला आधी कुणीतरी त्याला सेराटोडस म्हणावं लागलं.

शंकेखोर: हे मी मोकळेपणाने मान्य करतो, आणि त्याने माझं म्हणणं थोडं सरकतं. नावाची दोन कामं आहेत. शोधायला नाव लागतं आणि मोजायला नाव लागतं. शोधण्यासाठी ढिलं नाव चांगलं, जितके दात जवळ येतील तितकं बरं. मोजण्यासाठी ते घातक आहे. आपण पहिल्या कामासाठी दिलेलं नाव दुसऱ्या कामाला जुंपतो, तिथे घात होतो. माझी मागणी एवढीच की ज्या दातांमागे जबडा नाही, वाढीची मालिका नाही, त्यांना कुळापर्यंतच थांबवा. एका थरातून पिल्लापासून म्हाताऱ्यापर्यंतच्या पट्टिका गोळा झाल्या, वर-खालच्या एका तोंडातल्या मिळाल्या, त्यांचा काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली आतली बांधणी पाहिली, तर बोला. तोवर त्यांना तक्त्यात घेऊ नका.

जीवाश्मवेडा: मागणी रास्त आहे, पण ती कुठे जाऊन थांबते ते पाहा. क्वीन्सलँडचा आजचा मासा निओसेराटोडस. त्याचे जीवाश्म ऑस्ट्रेलियात लायटनिंग रिजला, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत सांगितले जातात. कशावरून? पट्टिकांवरून. बर्नेट आणि मेरी या दोन नद्यांचा हा मूळ रहिवासी. मेरी नदीवर ट्रॅव्हेस्टन क्रॉसिंगला धरण बांधायचं घाटत होतं, तेव्हा या माशासाठी माणसं भांडली. २००९मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पर्यावरणमंत्र्यांनी ते धरण नामंजूर केलं. त्या सगळ्या चळवळीत ‘दहा कोटी वर्षांचा मासा’ हे वाक्य किती वेळा आलं असेल! तुमचा नियम लावला तर त्या वाक्याखालची जमीन जाते.

शंकेखोर: जाऊ दे. त्या माशाला वाचवायला त्या वाक्याची गरज नाही. २०२१मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला: ४३ अब्ज अक्षरांचा, माणसाच्या चौदा पट. जमिनीवर आलेल्या सगळ्या चतुष्पादांचे, म्हणजे बेडकापासून आपल्यापर्यंत सर्वांचे, आज जिवंत असलेल्या माशांतले सगळ्यात जवळचे नातलग फुप्फुसमासेच, हे त्यातून पुन्हा पक्कं झालं. हे नातं कुठल्याही दातावर उभं नाही. धरणाने ज्या उथळ पाणवनस्पतींत तो अंडी घालतो त्या बुडतात, हेही दातावर उभं नाही. वय वाढवून सांगितल्याने कुणाचा जगायचा हक्क वाढत नाही.

जीवाश्मवेडा: पण जनुकं मलेरीच्या मातीत नाहीत. तिथे पुन्हा आपण आणि दात, दोघंच. सिरोंच्याला वडधमचं जीवाश्म उद्यान आहे. त्या पट्ट्यात, प्राणहितेच्या अल्याड-पल्याड, अजून कितीतरी थर नीट तपासायचे आहेत. समजा उद्या तिथे चारही पट्टिका जागच्या जागी असलेली सबंध कवटी मिळाली. तुम्ही तिला सेराटोडस म्हणाल की नाही?

शंकेखोर: नाही म्हणेन.

जीवाश्मवेडा: का? कशाशी ताडून? नाव ऑस्टच्या माशाचं आहे. ऑस्टला पट्टिका आहेत, फार तर काहींना चिकटलेला जबड्याचा तुकडा. ताडून पाहायला कवटी तिथे नाही. मग मलेरीची कवटी सेराटोडसची नाही, हे तुम्ही तिच्या दातांवरूनच ठरवणार. टेलरोडस वेगळा, पोटॅमोसेराटोडस वेगळा, असं म्हणतानाही सेराटोडसच्या बाजूला ठेवायला आपल्यापाशी काय होतं? तेच दात. ज्या पुराव्यावर नाव देऊ नये म्हणता, त्याच पुराव्यावर तुम्ही नाव काढूनही घेता आहात.

शंकेखोर: थांबा. कवटी आली की ती दुसऱ्या कवट्यांशी ताडता येते. निओसेराटोडसशी, टेलरोडसशी. तिची जागा त्यांच्यात ठरेल.

जीवाश्मवेडा: त्यांच्यात ठरेल. सेराटोडसच्या संदर्भात ठरणार नाही. मग एक तर सेराटोडस हे नाव फक्त ऑस्टच्या दातांपुरतं ठेवायचं आणि बाकी सगळ्या जगातून काढून घ्यायचं, म्हणजे हिस्लॉपच्या दातांपासून सगळं बेवारस करायचं. नाही तर दाताला इतपत तरी मानायचं की तो होकारही देऊ शकतो आणि नकारही. यातलं तुम्ही कोणतं घेता?

शंकेखोर: पहिलं घ्यावंसं वाटतं. पण बेवारस झालेले ते दात पुढे कुणी उघडून पाहील का, याची मला खात्री देता येत नाही. आणि दुसरं घेतलं तर ट्रायासिकच्या शेवटी नेमकं कोण मेलं, हा माझा प्रश्न तसाच राहतो.

जीवाश्मवेडा: तो माझाही झाला आहे आता.